खोलीत न रमलेला पतंग: तुती आणि टसर, एका फसलेल्या संगोपनाची नोंद

मे महिन्याच्या अखेरीस माझ्या एका शेतकरी मित्राने गडचिरोलीकडून टसर या रानातल्या रेशीमपतंगाचे साठ कोसे आणले. पूर्व विदर्भात टसरच्या कोषाला कोसा म्हणतात. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळट, नखाने टिचकी मारली तर खट् वाजणारा. हा मित्र तुतीचे रेशीम करतो आणि मन लावून करतो. संगोपनगृह लख्ख, बॅच ठरल्या दिवशी निघणार, कोषांत पोचट माल जवळजवळ नाही. त्याने एक कोसा वजनकाट्यावर ठेवला. बारा ग्रॅम. मग शेजारी तुतीचा कोष. पावणेदोन ग्रॅम.

"जवळपास सातपट," तो म्हणाला. "आणि लोक हे रानात झाडावर सोडून देतात. मी घरात वाढवून दाखवतो."

त्याच्याकडे ट्रे होते, निर्जंतुक केलेली खोली होती, तापमान आणि आर्द्रता मोजायची यंत्रे होती, टसरची अळी ज्यांचा पाला खाते त्या अर्जुनाची बांधावर पंधरा-वीस झाडे होती. मी पतंगांच्या मागे बरीच वर्षे आहे, म्हणून नोंदी ठेवायचे काम माझ्याकडे आले. प्रयोग फसेल असे मला वाटत होते, पण नेमका कुठे फसेल हे सांगता आले नसते. पुढची हकीकत त्या वहीतली आहे.

दूरचे भाऊबंद

रेशीम दोघेही देतात म्हणून आपण त्यांना एका पंगतीला बसवतो, पण नाते लांबचे आहे. तुतीचा पतंग म्हणजे बॉम्बिक्स मोरी, बॉम्बिसिडी कुळातला. टसरचा अँथेरिया मायलिट्टा. तो सॅटर्निडी कुळातला, म्हणजे चंद्रपतंग आणि ॲटलास पतंग ज्या घराण्यातले, त्या घराण्यातला. तुतीच्या पतंगात गुणसूत्रांच्या २८ जोड्या असतात, टसरमध्ये ३१. तुतीचा पतंग पंख पसरून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर भरतो. मळकट पांढरा, पोटाने जड. टसरची मादी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. ती पिवळसर, नर विटकरी तपकिरी, आणि चारही पंखांवर एकेक गोल डोळा. त्या डोळ्याच्या मधोमध पारदर्शक खिडकी असते. पंख उजेडासमोर धरला की पलीकडचे दिसते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ तो पंख हातातून खाली ठेवला नव्हता.

साम्य आहे ते असे की पतंग झाल्यावर दोघेही काही खात नाहीत. अळी असताना जे पोटात गेले, त्याच शिदोरीवर पुढचे थोडे दिवस काढायचे, जोडी करायची, अंडी घालायची.

आणि एक फरक, जो आम्ही दोघांनीही सुरुवातीला हलका धरला. वाईट हंगाम झोपून काढायची दोघांची रीत वेगळी आहे. तुतीच्या दुबार जाती, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या, अंड्यात झोपतात. ती अंडी शीतगृहात ठेवता येतात, आम्लाची प्रक्रिया करून हव्या त्या वेळी जागीही करता येतात. म्हणून तर शेतकरी अमुक तारखेला अंडीपुंज हवेत अशी आगाऊ मागणी नोंदवतो. टसर झोपतो कोशाच्या आत. हिवाळ्यात डोळा लागलेला हा जीव पावसाची चाहूल लागल्यावर उठतो. मित्राला बॅचची तारीख स्वतः ठरवायची सवय होती. इथे तारीख पाखरे ठरवणार होती.

कापलेले देठ

टसरच्या कोशाला देठ असतो. अळी कोश विणण्याआधी डहाळीभोवती रेशमाचा पक्का वेढा घालते, त्यातून टणक देठ खाली उतरवते आणि त्याला कोसा लटकतो. टसर ज्यावर वाढतो ते ऐनाचे झाड उन्हाळ्यात उघडे पडते. सगळा पाला झडला तरी कोसा जागचा हलत नाही, तो या देठामुळे. तुतीच्या कोशाला असला देठ नाही. त्याला गरजही पडली नाही, कारण माणूस अळीला चंद्रिका, म्हणजे कोश विणायची खणांची चौकट, देतो आणि अळी त्या खणात कोश बांधते.

कोसे ट्रेमध्ये एका थरात नीट बसेनात, म्हणून मित्राने कात्रीने देठ कापून टाकले. मीही पाहत उभा होतो, काही बोललो नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि एका संध्याकाळी पहिले पतंग निघाले. टसरचा पतंग कोसा कुरतडत नाही. तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने देठाकडचे टोक ओले आणि मऊ करतो, धागे बाजूला सारतो आणि अंग काढून घेतो. त्या वेळी पंख ओल्या फडक्यासारखे असतात. त्याला वर चढायचे असते, कशाला तरी लटकायचे असते, म्हणजे अंगातला द्रव पंखांच्या शिरांत उतरतो आणि पंख खाली उलगडत जातात. टांगलेला कोसा हीच त्याची पहिली खुंटी. आमच्या गुळगुळीत, सपाट ट्रेमध्ये धरायला काहीच नव्हते. पहिल्या रात्री नऊ पतंग निघाले. त्यांपैकी पाचांचे पंख चुरगळलेले तसेच वाळले.

हेच तुतीच्या पतंगाचे झाले असते तर काही अडले नसते. त्याला उडायचेच नसते. तो नुसता पंख फडफडवत मादीभोवती फिरतो, आणि मादी टीचभर अंतरावर असते. टसरच्या नराला मात्र रात्रीच्या अंधारात, कुठे आहे ते ठाऊक नसलेल्या मादीकडे जायचे असते. दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेल्या कोशांना दोरा ओवून माळा केल्या आणि तुळईला टांगल्या.

नरांवरचे ठिपके

तुतीचे पतंग सकाळी बाहेर पडतात आणि तिथल्या तिथे जोड्या लागतात. तीन-चार तासांनी हाताने जोड्या सोडवायच्या आणि मादीला कागदावर, वाटीखाली अंडी घालायला ठेवायचे. ही शिस्त मित्राच्या अंगवळणी पडलेली. त्याने टसरच्या प्रत्येक नराच्या पंखावर मार्करने निळा ठिपका दिला, कुठला नर वापरला हे कळावे म्हणून. मग दारे-खिडक्या बंद केल्या आणि निरीक्षणासाठी ट्यूबलाइट लावून ठेवली.

नर रात्रभर ट्यूबलाइटवर आपटत राहिले. सकाळी जमिनीवर पंखांचे तुकडे. तीन रात्रींत दोन जोड्या लागल्या.

ज्यांच्याकडून कोसे आणले होते, त्या आजोबांना शेवटी मित्राने फोन लावला. ऐन-अर्जुनाच्या रानात टसर करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाखराले वारा लागू दे ना गा. अन् दिवा कायले लावतेस? त्याले अंधार पाहिजे."

त्या एका वाक्यात सगळे आले होते. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून गंध सोडते, तो वाऱ्यावर जातो, नर डोक्यावरच्या आपल्या पिसांसारख्या शृंगिकांनी तो टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने गंधाचा माग काढत येतो. ही रीत दोघांत सारखीच. गंमत अशी की कीटकांच्या या गंधाचा रासायनिक शोध प्रथम लागला तो तुतीच्या पतंगात. १९५९ साली जर्मनीत ॲडॉल्फ ब्युटेनांट यांनी त्याला बॉम्बिकॉल हे नाव दिले. पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्यावर काही मिलिग्रॅम द्रव्य हाती आले. इतक्या माद्या मिळाल्या, कारण हा पतंग माणसाच्या घरात वाढतो. ज्याला त्या गंधामागे लांब उडत जायची गरज उरलेली नाही, नेमक्या त्याच पतंगाने तो आपल्याला ओळखून दिला.

आम्ही माळा ओसरीवर हलवल्या, चहूबाजूंनी जाळी लावली, दिवे घालवले. त्या रात्री वारा चांगला होता. पहाटे कंदील झाकून पाहिले तर सात जोड्या. टसरची जोडी सकाळपर्यंत सुटत नाही, म्हणून आम्हीही घाई केली नाही.

अंडी घालून झाल्यावर मात्र मित्राचे सगळे कसब कामी आले. प्रत्येक मादी खलात वाटून, तो रस सूक्ष्मदर्शकाखाली बघून, पेब्रिन या रोगाचे बीजाणू आहेत का हे त्याने तपासले. एका मादीत सापडले. तिची अंडी जाळली. ही पद्धत लुई पाश्चर यांनी १८६५ ते १८७० च्या काळात फ्रान्समधल्या तुतीच्या रेशमावर आलेल्या रोगाचा माग काढताना बसवली. आईकडून अंड्यात उतरणारा रोग असेल तर आईच तपासा, हा तिचा गाभा. आज टसरलाही ती तशीच लागू होते. या एका टप्प्यावर दोन्ही पतंगांमध्ये काडीचा फरक पडला नाही.

पाला टाकला, पण अळी गेली कुठे?

आठ-नऊ दिवसांनी अंडी फुटली. हजाराच्या आसपास अळ्या. खरा प्रश्न इथे सुरू झाला, आणि माझ्या वहीची सर्वांत जास्त पाने या पंधरवड्याची आहेत.

तुतीची अळी कशी असते ते आधी सांगतो. तिच्यावर चिरलेला पाला टाकला की ती वर येते आणि खाते. पाला संपला की तिथेच थांबते. पुढचा पाला यायला उशीर झाला तर डोके थोडे उंचावून वाट पाहते. ट्रेला कड नसली तरी फारशी कुठे जात नाही. पांढरी आहे, चटकन दिसेल अशी आहे, लपायचे तिला सुचत नाही. झाडावर नेऊन सोडली तर डहाळी घट्ट धरता येत नाही, वाऱ्याने खाली पडते. हजारो अळ्या एकमेकींना खेटून खात असतात, तेव्हा खोलीत पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. या सगळ्यामुळेच तिच्यावर एक अख्खा उद्योग उभा राहू शकला.

टसरच्या अळ्या अंड्यातून निघाल्या आणि चालू लागल्या. उजेडाकडे, वरच्या दिशेने. तासाभरात त्या ट्रेच्या कडेवर, भिंतीवर, खिडकीच्या गजांवर होत्या. पाला खाली पडलेला, अळ्या वर. आम्ही कुंचल्याने उचलून पुन्हा पानांवर ठेवायचो आणि त्या पुन्हा निघायच्या. रानात हेच शहाणपणाचे आहे. वर गेले की कोवळी पालवी मिळते. मित्राने अर्जुनाचा पाला दिवसातून चारदा बदलला. तोडलेला पाला दुपारपर्यंत मलूल व्हायचा. मग पाण्याच्या बाटल्यांत फांद्या लावल्या, तर काही अळ्या देठावरून खाली उतरून पाण्यात बुडाल्या. बाटल्यांची तोंडे कापसाने बंद केली. तोवर दुसरेच सुरू झाले होते. दाटीमुळे आणि कोंदट हवेमुळे विष्ठा पातळ झाली, अळ्या मऊ पडू लागल्या, आणि एके सकाळी काही फांदीला उलट्या लोंबताना दिसल्या, आतून पाणी झालेल्या.

कोवळ्या तुतीच्या अळ्यांना सत्तावीस अंश तापमान आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता मानवते. मित्राने खोली तशीच राखली होती, कारण आजवर त्याच आकड्यांनी त्याला यश दिले होते. बाराव्या दिवशी मोजल्या तेव्हा दोनशे साठ अळ्या उरल्या होत्या. त्या रात्री तो जेवला नाही. स्वच्छतेत कसूर नव्हती, कष्टात नव्हती, आणि तरी रोज ओंजळभर मेलेल्या अळ्या बाहेर नेऊन पुराव्या लागत होत्या.

तेराव्या दिवशी उरलेल्या अळ्या बांधावरच्या दोन अर्जुनांवर सोडल्या आणि वर नायलॉनची जाळी घातली. चॉकी, म्हणजे अगदी कोवळ्या, अवस्थेतल्या टसर अळ्या झाडावरच, पण जाळीखाली वाढवाव्यात, अशी शिफारस आहेच. आम्ही तिथे उशिरा पोहोचलो. झाडावर गेल्यावर अळ्यांचे रूपच पालटले. पानांच्या रंगाच्या हिरव्या, फांदीच्या खालच्या बाजूने घट्ट धरून, इतक्या स्थिर की हातभर अंतरावरून दिसू नयेत.

मोठ्या झाल्यावर जाळीत मावेनात, म्हणून जाळी काढली आणि शत्रू आले. मुंग्या, गांधीलमाश्या, सोंड खुपसून अळी शोषून घेणारे ढेकूण, अळीवर अंडी घालणारी उझी माशी, आणि पक्षी. मित्र दिवसभर झाडाखाली बसू लागला. एका झाडाचा पाला संपला की अळ्या असलेल्या फांद्या कापून दुसऱ्या झाडाला टेकवायच्या, त्या आपोआप पलीकडे जातात. हेही आजोबांनीच फोनवर सांगितले. चौथ्या आठवड्यात, भर पावसात इरले घेऊन बसलेला असताना, तो मला म्हणाला, "लोक रानात सोडून देतात म्हणालो होतो ना मी? सोडून नाही देत रे. महिना-दीड महिना तिथंच बसून असतात."

ऑगस्टच्या मध्यावर अडतीस कोसे मिळाले.

ओळख जुनी, करार वेगळा

या आकड्यावर मी खूप विचार केला. सहज सुचणारे उत्तर असे की तुतीचा पतंग माणसाळला कारण माणसाची त्याच्याशी ओळख जुनी, आणि टसर रानटी राहिला कारण त्याच्याकडे उशिरा लक्ष गेले. हे उत्तर चूक आहे.

तुतीच्या पतंगाला चीनमध्ये माणसाळवून सुमारे पाच हजार वर्षे झाली. त्याचा रानातला भाऊ, बॉम्बिक्स मँडरिना, आजही चीन, कोरिया आणि जपानमध्ये आहे. तो तपकिरी आहे, उडतो, त्याची अळी डहाळीच्या रंगात मिसळून जाते, आणि घरच्या पतंगाशी त्याचा संकर अजूनही होतो. २००९ साली घरच्या आणि रानातल्या मिळून ४० पतंगांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा रेशीमग्रंथी, शरीरातली ऊर्जा आणि प्रजनन यांच्याशी निगडित जनुकांत माणसाच्या निवडीच्या खुणा दिसल्या. पिढ्यान्‌पिढ्या, जी अळी पळत नाही तिचीच अंडी पुढच्या वर्षी ठेवली गेली.

आता आपल्याकडे पाहा. हडप्पा आणि चन्हुदडो इथे सापडलेल्या दागिन्यांत आणि मण्यांत रेशमाचे तंतू मिळाले आहेत. काळ इ.स.पू. २४५० ते २००० च्या दरम्यानचा, आणि त्यांत अँथेरिया वंशातल्या पतंगांचे रेशीम ओळखले गेले आहे. आपल्या नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन दफनातही तांब्याच्या मण्यांच्या दोऱ्यात रेशीम असल्याची नोंद आहे. म्हणजे या कुळातल्या पतंगांशी भारतीय माणसाची ओळख चार हजार वर्षांहून जुनी. इतक्या वर्षांत तुतीचा पतंग पंख असून उडायचा थांबला, आणि टसर होता तसा राहिला.

मला याचे कारण बियाण्यात दिसते. तुतीच्या पतंगाची एक पिढी संपली की पुढची पिढी माणसाच्या हातातल्या अंड्यांतूनच येते. बाहेरचे रक्त येत नाही. टसर करणारे पिढ्यान्‌पिढ्या रानातून कोसे गोळा करत आले, माद्या बाहेर ठेवून रानातले नर बोलावत आले. त्यामुळे एका हंगामात जी थोडी मवाळ अळी निवडली जाई, तिचे गुण पुढच्या हंगामात रानात विरघळून जात. हे माझे मत आहे, पण ओसरीवरच्या जाळीजवळ बसून जे पाहिले त्यावरून बनलेले. रानात मिसळत राहिल्यानेच टसरमध्ये प्रदेशागणिक वेगवेगळे वाण टिकले, हेही त्याच नाण्याचे दुसरे अंग. बस्तरचा रैली, ओडिशाचा मोडल, डाबा, आणि आपल्या विदर्भाचे नाव घेऊन असलेला भंडारा. १९६४ पासून रांचीची केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था या वाणांवर काम करते आहे. तिथे ठरलेल्या रीती वापरणाऱ्यांचे हाल आमच्याइतके होत नाहीत, हे सांगायलाच हवे.

गरम पाणी

अडतिसांपैकी चार कोसे आम्ही धाग्यासाठी घेतले. तुतीचा कोष गरम पाण्यात टाकला की सेरिसिन हा डिंक सुटतो आणि टोक सापडते. दुबार जातीचा एक कोष हजार मीटरच्या आसपास अखंड धागा देतो. टसरचे कोसे तासभर उकळले. काही नाही. जसेच्या तसे, टणक. टसरचा डिंक टॅनिनमुळे घट्ट झालेला असतो, वर कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक. उन्हाळाभर उघड्या डहाळीवर लटकून आतल्या जिवाला ऊन-पावसापासून, चोचीपासून राखायचे, तर भिंत अशीच हवी. सोडा घालून शिजवले तेव्हा कुठे धागा सुटला. तुतीपेक्षा कितीतरी जाड, चपटा, मधाच्या रंगाचा. करवतकाठी साडीचा तो धीमा, मातकट झळाळ येतो या चपट्या धाग्यामुळे. मित्राने तो तुतीच्या धाग्याशेजारी धरला आणि दोन्हीची तुलना करायची नाही असे ठरवून टाकले.

सप्टेंबर

उरलेले चौतीस कोसे देठासकट ओसरीवर टांगले. दिवे बंद, जाळी लावलेली. सप्टेंबरात पतंग निघाले, एकाचाही पंख चुरगळला नाही, जोड्या नीट लागल्या. प्रत्येक नरावर आठवणीने निळा ठिपका.

शेवटी दोन माद्या उशिरा निघाल्या, तोवर सगळे नर संपले होते. मित्राने त्या दोघींना जाळीबाहेर, बांधावरच्या अर्जुनाच्या फांदीवर नेऊन ठेवले. आमच्या भागात बोरी आहेत, ओढ्याच्या काठाने थोडे ऐन आहेत, पण रानातला टसर मी तिथे कधी पाहिला नव्हता.

पहाटे पाचला त्याचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तो टॉर्च घेऊन झाडाखाली उभा होता. एक मादी एकटीच होती. दुसरीला नर बिलगलेला होता, विटकरी, पंखांच्या कडा फाटून झालर झालेली, कुठून तरी लांबून उडत आलेला. मित्राने टॉर्च झाकून, बोटांच्या फटीतून उजेड पाडत, चारही पंख दोन वेळा तपासले. निळा ठिपका कुठेच नव्हता.